शारदा, अचला, मित्रा

दिवाळीचा फराळ डब्यांच्या तळाशी गेला आणि आकाशकंदील उतरवावा की राहू द्यावा यावर घरात दोन पक्ष पडले, की तुळशीचे लग्न आलेच म्हणून समजावे. वृंदावनाला गेरू लागतो, उसाचा मांडव उभा राहतो, घरातल्या एखाद्या पंचाचा अंतरपाट होतो आणि मुले घसा ताणून मंगलाष्टके म्हणतात. त्या लग्नात वधूची संमती कुणी विचारीत नाही, वराचे वय कुणी पाहत नाही आणि नोंदणीच्या कचेरीत कुणी जात नाही. देवाच्या लग्नात ते शोभून दिसते. पण त्या दिवसापासून माणसांच्या लग्नांचे मुहूर्त सुरू होतात, आणि तेथे मात्र हे तिन्ही प्रश्न उभे राहतात. लग्न लागले म्हणजे नेमके काय झाले? अक्षता पडल्या हे झाले, की सप्तपदी झाली हे, की दोघांनी मनापासून होकार दिला हे, की कचेरीतल्या वहीत सही झाली हे? सरकारने यांतल्या कशाला लग्न म्हणावे?

हा प्रश्न वकिलांचा आहे असे आपण समजतो. मला तो मराठी साहित्याचाही वाटतो. आपल्या नाटककारांनी आणि कादंबरीकारांनी लग्नावर इतके लिहिले आहे, की कायद्याने जेथे जेथे व्याख्या अपुरी ठेवली, तेथे तेथे एखादी नायिका उभी आहे. अशा तीन नायिकांबद्दल आज लिहायचे आहे.

पहिली अर्थातच शारदा. गोविंद बल्लाळ देवलांचे ‘संगीत शारदा’ १८९९ साली आले. पुढे १९२९ साली बालविवाहाला आळा घालणारा कायदा झाला, त्याला आपल्याकडे घरोघर ‘शारदा कायदा’ म्हणू लागले. हे नाव देवलांच्या नायिकेवरून पडले असा समज मी कितीतरी सुशिक्षित घरांत ऐकला आहे. वास्तविक ते अजमेरच्या हरबिलास सारडा यांचे नाव. त्यांनी ते विधेयक मांडले होते. पण ही चूक मला नेहमी गोड वाटत आली आहे. नाटकातल्या एका मुलीचे दुःख लोकांच्या मनात इतके खोल गेले, की तीस वर्षांनी झालेला कायदा त्यांनी तिच्याच नावे जमा करून टाकला. एखाद्या लेखकाला याहून मोठे पारितोषिक कोणते मिळणार?

मात्र चूक गोड असली तरी नाटकाचा शेवट पुन्हा एकदा डोळे उघडे ठेवून वाचायला हवा. जख्ख म्हाताऱ्या भुजंगनाथाशी शारदेचे लग्न ठरते. बाप कांचनभट पैशाच्या लोभाने आंधळा झालेला, आई इंदिराकाकू असहाय, मुलीच्या मनाला तर विचारतो कोण! प्रेक्षकाचा जीव कासावीस होतो. आणि मग हे लग्न मोडते कशाने? वधू अजाण आहे म्हणून नव्हे. वर तिच्या आजोबांच्या वयाचा आहे म्हणून नव्हे. तिची इच्छा नाही म्हणून तर मुळीच नव्हे. वधूवर सगोत्र आहेत हे उघडकीस येते, म्हणून ते मोडते! पुढे अर्धवट लागलेल्या लग्नाची मुलगी म्हणून तिच्या वाट्याला जे येते तेही विदारक आहे, आणि अखेर शंकराचार्यांची मान्यता मिळते तेव्हा कुठे कोदंडाशी तिचा विवाह होऊ शकतो.

याचा अर्थ असा, की भुजंगनाथाचे गोत्र वेगळे असते तर शारदेला वाचवण्याचा कोणताही मार्ग देवलांपाशी नव्हता. टीकाकार म्हणून मला हा शेवट दुबळा वाटतो. नाटकभर लेखक जो अन्याय दाखवतो, त्या अन्यायाला शेवटी उत्तर मिळतच नाही. उत्तर मिळते ते एका तांत्रिक हरकतीला. पण लेखिका म्हणून मी देवलांना दोष देऊ शकत नाही. १८९९ साली प्रेक्षकाला पटेल असे दुसरे कुलूप त्या दाराला नव्हतेच. १८९१ चा संमतिवयाचा कायदा झाला होता, पण तो शरीरसंबंधापुरता. बारा वर्षांची मर्यादा त्याने घातली, लग्नाला हात लावला नाही. मुलीच्या नकाराला काय किंमत होती, हे सारा महाराष्ट्र काही वर्षांपूर्वीच रखमाबाईंच्या खटल्यात पाहून चुकला होता. अकराव्या वर्षी लग्न लागलेल्या रखमाबाईंनी नांदायला जाण्यास नकार दिला. १८८४ साली नवऱ्याने दावा लावला. पहिल्या न्यायाधीशांनी तो फेटाळला. पण १८८७ साली निकाल फिरला, नांदायला जा नाहीतर तुरुंगात जा, असा हुकूम झाला. तुरुंग पत्करीन, असे त्या म्हणाल्या. १८८८ साली पैसे देऊन तडजोड झाली, आणि पुढे त्या इंग्लंडात शिकून नामवंत डॉक्टर झाल्या. लोकमान्यांचा ‘केसरी’ही त्या वेळी त्यांच्या विरुद्ध होता. जिवंत बाईच्या नकाराने जे झाले नाही, ते रंगभूमीवरच्या मुलीच्या नकाराने होते असे देवलांनी दाखवले असते, तर पिटातल्या प्रेक्षकानेच ते खोटे ठरवले असते.

गंमत पुढेच आहे. सगोत्र विवाहाची ती बंदी १९४६ सालच्या कायद्याने उठवली. म्हणजे शारदेला ज्या दारातून देवलांनी बाहेर काढले, ते दार पुढे बंद झाले. त्याच्या जागी दुसरे दार उघडले का? ‘शारदा कायद्या’ने मुलीसाठी चौदा आणि मुलासाठी अठरा वर्षांची मर्यादा घातली, पण लग्न लावणाऱ्याला शिक्षा करूनही लागलेले लग्न कायम ठेवले. वयाची मर्यादा १९७८ साली अठरा आणि एकवीस झाली, तरीही तेच. २००६ च्या कायद्याने अल्पवयात लग्न झालेल्या मुलीला ते रद्द करून मागण्याचा हक्क दिला. सज्ञान झाल्यावर दोन वर्षांच्या आत तिने स्वतः न्यायालयात गेले पाहिजे. म्हणजे शारदेचा नकार कायद्याच्या कानी पडायला एका शतकाहून अधिक काळ लागला, आणि अजूनही नाही म्हणायला तिने कचेरीची पायरी चढावी लागते.

दुसरी नायिका अचला. विभावरी शिरूरकरांची ‘हिंदोळ्यावर’ ही कादंबरी १९३४ साली प्रसिद्ध झाली. विभावरी म्हणजे मालतीबाई बेडेकर, हे वाचकांना बऱ्याच वर्षांनी कळले. ज्या धिटाईने त्या लिहीत होत्या ती पाहता टोपणनाव घ्यावेसे वाटले यात नवल नाही. अचलेचा संसार मोडला आहे, पण लग्न मोडलेले नाही, कारण ते मोडण्याची सोयच कायद्यात नाही. विरागवर तिचे मन जडते. आता तिने करावे काय? लग्न करता येत नाही, आणि लग्नावाचून राहिली तर समाज जगू देत नाही. कादंबरीचे नाव किती नेमके आहे! हिंदोळा पुढे जातो, मागे येतो, पण झुलणाऱ्याला जमीन म्हणून लाभत नाही.

येथे मला एक कबुली दिली पाहिजे. नको असलेला नवरा गोष्टीत आला, की आम्हा लेखकांना एक हातखंडा उपाय सापडतो: त्याला मारून टाकायचे. मीही एका कादंबरीत एका निरुपद्रवी माणसाला विषमज्वराने मारला आहे, केवळ नायिकेची वाट मोकळी व्हावी म्हणून. आज ते पान वाचताना लाज वाटते. विभावरींनी हा सोपा मार्ग घेतला नाही. त्यांनी नवऱ्याला जिवंत ठेवले आणि प्रश्नालाही जिवंत ठेवले. गोत्राची युक्ती नाही, ज्वर नाही, अपघात नाही. म्हणून शिल्पाच्या दृष्टीने ‘शारदा’ कितीही सरस असली, तरी या एका बाबतीत ‘हिंदोळ्यावर’ तिच्यापुढे गेली आहे असे माझे मत आहे.

त्या वेळी बडोदे संस्थानात घटस्फोटाचा कायदा झालेला होता, तो १९३१ साली. मुंबई प्रांतात तो १९४७ साली आला. त्याच्या आधी एक वर्ष द्विभार्याप्रतिबंधाचा कायदा आला. मग देशभरचा हिंदू विवाह कायदा १९५५ साली झाला. त्यापूर्वी डॉ. आंबेडकरांनी हिंदू संहितेचे विधेयक हाती घेतले होते. त्यात विवाहाचे दोन प्रकार मांडले होते, एक धार्मिक आणि एक नागरी. दोहोंना सारखीच मान्यता. ते विधेयक रखडले आणि १९५१ साली डॉक्टरांनी मंत्रिपद सोडले. लग्नसंस्था बुडेल, घरे उद्ध्वस्त होतील, असे तेव्हा मोठमोठे लोक म्हणत होते. पुढे तेच कायदे तुकड्यातुकड्याने झाले, आणि मंगलाष्टके काही थांबली नाहीत. उलट आज मांडव अधिक मोठे झाले आहेत.

परंतु १९५५ च्या कायद्याने एक गाठ तशीच ठेवली. दोहोंपैकी कोणत्याही पक्षाच्या रूढ विधींनी लग्न लागावे आणि जेथे सप्तपदीची रीत आहे तेथे सातवे पाऊल पडले की ते पूर्ण झाले, असे त्याने म्हटले. वरवर पाहता हे उदार आहे; ज्याचा जसा आचार तसे लग्न. पण व्याख्या विधीवर टांगली की काय होते ते १९६५ सालच्या महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात दिसले. पहिली बायको असताना एकाने गांधर्व पद्धतीने दुसरे लग्न केले. खालच्या न्यायालयांनी त्याला दोषी धरले. सर्वोच्च न्यायालयाने मात्र सोडून दिले. का, तर दुसऱ्या लग्नात होम आणि सप्तपदी झाल्याचे सिद्ध झाले नाही, त्या वाचून लग्न लागते अशी त्या समाजाची रूढीही सिद्ध झाली नाही. म्हणून ते लग्न लग्नच नव्हे, आणि लग्नच नसेल तर दुसरे लग्न केल्याचा गुन्हा कसा? न्यायालयाने कायद्याचा अर्थ बरोबरच लावला असेल. पण कादंबरीकाराच्या नजरेने पाहा: पहिलीला न्याय मिळाला नाही, दुसरी तर कुणाचीच कुणी उरली नाही, आणि चार पावले कमी चालल्यामुळे पुरुष सुटला. शारदेला ज्या तांत्रिक हरकतीने तारले, तिनेच येथे दोन बायकांना बुडवले. विधीचे शस्त्र दुधारी आहे ते असे.

याच्या नेमकी उलट बाजूही आहे. विधीशिवायचे लग्न ज्यांना तत्त्व म्हणून हवे होते, त्यांचे काय? जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने भटजीविना पहिला विवाह लावला तो १८७३ सालच्या डिसेंबरात. वधूवरांनी परस्परांना वचने दिली, लोक साक्षीला होते. एवढे पुरे असावे, असा तो विचार. पुढे मद्रास इलाख्यात पेरियारांच्या स्वाभिमान चळवळीत अशीच लग्ने हजारोंनी लागली, आणि १९५३ साली तिथल्या उच्च न्यायालयाने असे लग्न कायद्याने वैध नाही असा निकाल दिला. अण्णादुराईंचे सरकार आल्यावर १९६७ साली मद्रास राज्याने हिंदू विवाह कायद्यात एक नवे कलम घातले: नातेवाईक वा मित्रांसमोर वधूवरांनी आपल्याला समजणाऱ्या भाषेत एकमेकांचा स्वीकार केल्याचे सांगितले, किंवा हार घातले, अंगठी घातली, ताळी बांधली, तरी लग्न लागले. विचार पुण्यात शंभर वर्षे आधी उगवला, पण कायद्यात त्याला जागा मिळाली ती मद्रासेत! आणि २०२४ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा बजावले, की विधी झालेले नसतील तर केवळ नोंदणीच्या दाखल्याने हिंदू विवाह होत नाही. लग्न म्हणजे नाचगाणे आणि मेजवानी नव्हे, तो संस्कार आहे, हे न्यायालयाचे म्हणणे आजचे मांडव पाहता कुणालाही पटेल. पण संस्कार आणि व्याख्या या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे विसरून कसे चालेल?

यावर कुणी म्हणतील, मग सरकारने या भानगडीत पडावेच कशाला? ज्याचे लग्न त्याने लावावे. हे बोलायला सोपे आहे. पण टाकलेल्या बाईने पोटगी कुणाकडे मागायची? नवरा गेल्यावर घरावर हक्क कुणाचा? इस्पितळात सही कुणी करायची? सरकार बाजूला झाले तर जो बळकट तो जिंकतो, आणि घरात बळकट कोण हे सांगायला नको. शेजारच्या गोव्यात पोर्तुगीजांच्या १८६७ च्या नागरी संहितेचा वारसा आहे. तेथे लग्नाची नागरी नोंदणी ही मुख्य गोष्ट. आधी वेगळा करार केला नसेल तर पतिपत्नींची मालमत्ता सामाईक होते. देवळातले विधी त्यामुळे कमी झाले नाहीत. वही आणि वेदी सुखाने शेजारी नांदू शकतात.

आता तिसरी नायिका, आणि ती सर्वांत अवघड. विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ १९८१ साली रंगभूमीवर आले. रोहिणी हट्टंगडी मित्रा झाल्या होत्या. स्वातंत्र्याच्या सुमाराचे पुण्यातले महाविद्यालय. सुमित्रा देव नावाची बेडर मुलगी. तिचे नमा नावाच्या मुलीवर प्रेम. आपण इतरांसारख्या नाही हे तिला कळते, तिचा मित्र बापू ते समजून घ्यायला धडपडतो, आणि शेवटी मित्रा मरणाला कवटाळते. शारदेसाठी गोत्राची फट होती, अचलेसाठी पुढे का होईना घटस्फोटाचा कायदा आला. मित्रेसाठी नाटकात काहीच नाही. तेंडुलकरांनी कोणतीही युक्ती योजली नाही. भिंत आहे तशी दाखवली.

त्या भिंतीचा एक भाग २०१८ साली पडला. अशा संबंधांना गुन्हा ठरवणारा कायद्याचा तो अंश सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. मग लग्नाचा प्रश्न आला. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी पाच न्यायाधीशांच्या पीठाने निकाल दिला. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड त्याचे प्रमुख होते. विवाह करण्याचा हक्क हा मूलभूत हक्क म्हणून घटनेत नाही, आणि १९५४ चा विशेष विवाह कायदा न्यायालय नव्याने लिहू शकत नाही, यावर सर्वांचे एकमत झाले. अशा जोडप्यांच्या सहजीवनाला काही मान्यता द्यावी काय, यावर मात्र तीन विरुद्ध दोन असा मतभेद झाला. सरन्यायाधीश आणि न्यायमूर्ती कौल अल्पमतात राहिले. पुनर्विचाराचे अर्ज २०२५ च्या जानेवारीत फेटाळले गेले. प्रश्न आता संसदेच्या दारात आहे.

दिवाळीच्या अंकात हा विषय कशाला, असे काही वाचकांना वाटेल. त्यांचा संकोच मी समजू शकते. मी स्वतः तो अनुभवला आहे. विवाह ही स्त्रीपुरुषांची, वंश चालवणारी संस्था आहे, तिचा अर्थ हजारो वर्षांत घडला आहे, तो एका निकालाने बदलू नये, असे म्हणणारे सगळेच दुष्ट नव्हेत. बदल व्हायचा तर लोकांनी निवडलेल्या सभागृहात व्हावा, या म्हणण्यातही तथ्य आहे. पण एवढे मान्य करूनही मला एक प्रश्न टाळता येत नाही. शारदेच्या वेळी हजारो वर्षांचा अर्थ म्हणत होता, की मुलीला विचारायचे नसते. अचलेच्या वेळी तो म्हणत होता, की बाईचे लग्न सुटत नसते. दोन्ही वेळा तो अर्थ बदलला, आणि दोन्ही वेळा आपण नंतर म्हणालो, हे फार पूर्वीच व्हायला हवे होते. तिसऱ्या वेळी आपणच बरोबर आहोत याची खात्री आपण कशाच्या बळावर द्यायची?

माझे स्वतःचे मत विचाराल तर सांगते. सरकारने आपल्या वहीत चार गोष्टी पाहाव्यात: दोघे सज्ञान आहेत, दोघांचा होकार दबावावाचून आहे, कुणाचे आधीचे लग्न चालू नाही, आणि नाते निषिद्ध नाही. त्यानंतर दोघांवर परस्परांच्या पोषणाची आणि साथीची जबाबदारी टाकावी, आणि ती पाळली नाही तर कान पकडावा. होम करावा की हार घालावा, भटजी बोलवावा की बुद्धवंदना म्हणावी, हे ज्याच्या त्याच्या घराने ठरवावे. या चार प्रश्नांत मित्रेला नाकारणारे काही मला सापडत नाही. तिच्या नात्याला लग्न म्हणायचे की दुसरे नाव द्यायचे, यावर समाज आणखी काही वर्षे भांडेल, भांडो बापडा. पण जिच्याबरोबर जन्म काढला तिच्या उशाशी बसण्याचा हक्क त्या भांडणाच्या निकालापर्यंत अडकून राहू नये.

साहित्याने याबाबत काय करावे? कायदा सुचवणे हे त्याचे काम नव्हे. पण पळवाट न शोधणे हे त्याचे काम आहे. गोत्र, ज्वर, अपघात यांच्या आड लपून आपण नायिका सोडवतो, तेव्हा प्रश्न मात्र तसाच बांधलेला राहतो. देवलांना क्षमा आहे, कारण त्यांच्यापुढे दुसरी वाटच नव्हती. आज लिहिणाऱ्या आम्हाला ती सबब नाही.

असो. यंदा तुळशीच्या लग्नाला अंतरपाट धरून उभ्या राहाल तेव्हा घरातल्या लेकींकडे एकदा पाहा. त्या अक्षता टाकीत असतील, हसत असतील. उद्या त्यांच्यासमोर खरा अंतरपाट येईल, तेव्हा पलीकडे कोण उभे आहे हे त्यांना आधी ठाऊक असावे, आणि नको असेल तर नको म्हणता यावे. त्यासाठी त्यांना सगोत्र नवरदेव शोधावा लागू नये.